चाकांवरचं घर : इब्न बतूताची अराबा आणि खालाच्या मुलाची व्हॅन

गेल्या महिन्यात खालाच्या मुलाने लंडनहून व्हॉट्सअ‍ॅपवर अकरा फोटो पाठवले. जुनी, निळसर रंगाची व्हॅन. आत दोन शेगड्या, हातभर रुंदीचं बेसिन, मागे बाक. छत उचललं की वर कापडी भिंतींचा माळा. खाली लिहिलं होतं, ‘भाईजान, २००२ ची आहे, सेकंडहँड, मालक म्हातारा आहे, नीट वापरलीय. अम्मी जूनमध्ये येतेय. तिला यातून स्कॉटलंड दाखवतो. काय वाटतं?’

मला गाड्यांतलं काही कळत नाही. हे त्यालाही ठाऊक आहे. तरी त्याने विचारलं, कारण आमच्या घराण्यात कुणी काही मोठं विकत घ्यायचं ठरवलं की सगळ्यांना विचारायची पद्धत आहे. मग करायचं ते प्रत्येक जण आपल्या मनाचंच करतो. मी त्याला दोन दिवस थांब म्हणालो आणि कपाटातून इब्न बतूता काढला. बायको म्हणाली, तो व्हॅनबद्दल विचारतोय आणि तुम्ही सातशे वर्षं मागे कुठे निघालात? पण चाकांवरच्या छोट्या घरात राहण्याचं इतकं प्रामाणिक वर्णन माझ्या वाचनात दुसरं नाही.

टँजियरचा हा काझी घराण्यातला तरुण १३२५ मध्ये हजला म्हणून घराबाहेर पडला आणि चोवीस वर्षं परतला नाही. आपण त्याला ओळखतो ते मुहम्मद तुघलकाच्या दरबारातला काझी म्हणून, किंवा दौलताबादचं वर्णन लिहिणारा प्रवासी म्हणून. पण हिंदुस्थानात येण्याआधी तो काळ्या समुद्राच्या उत्तरेला क्रिमियात उतरला होता. तिथून पुढे किपचाकांचा गवताळ माळ. डोंगर नाही, झाड नाही, सरपण नाही. लोक वाळलेलं शेण जाळतात. (हे वाचून आपल्याकडच्या कुणाला नवल वाटणार नाही, त्याला मात्र वाटलं.) या माळावर प्रवास करायचा तर अराबा घ्यावी लागते, असं त्याला सांगण्यात आलं. अराबा म्हणजे चार मोठ्या चाकांची गाडी. ओढायला दोन किंवा जास्त घोडे, नाहीतर बैल, नाहीतर उंट. गाडीवर लाकडी पट्ट्यांचा, चामड्याच्या वादीने बांधलेला हलका सांगाडा आणि त्यावर नमद्याचं किंवा कांबळ्याचं आच्छादन. खिडक्यांना जाळी. आतल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. आत बसून, तो लिहितो, माणूस गाडी चालू असताना झोपू शकतो, जेवू शकतो, वाचू शकतो, लिहू शकतो.

आजच्या कुठल्याही विक्रेत्याच्या जाहिरातीत हेच असतं. फरक इतकाच की इब्न बतूता विक्रेता नव्हता, त्यामुळे पुढचंही त्याने लिहून ठेवलं.

पहिली गोष्ट म्हणजे एका गाडीत त्याचं भागलं नाही. एक गाडी त्याची आणि त्याच्या दासीची, एक लहान गाडी त्याच्या सोबत्याची आणि बाकीच्या साथीदारांसाठी तीन उंटांनी ओढायची एक मोठी गाडी. म्हणजे छोटं घर ‘पुरेसं’ झालं ते त्याच्या मागेपुढे आणखी दोन गाड्या होत्या म्हणून.

दुसरी गोष्ट पाण्याची. हिवाळ्यात तो व्होल्गाच्या परिसरात होता. नदी गोठलेली, तिच्यावरूनच गाड्या चालल्या होत्या. अंगावर तीन फरचे कोट, दोन विजारी, पायात मोज्यांवर मोजे. इतके कपडे की सोबत्यांनी उचलून घोड्यावर बसवावं लागे. वुजू तो आगीजवळ बसून गरम पाण्याने करी, तरी थेंब थेंब तिथेच गोठे. तोंड धुतलं की पाणी दाढीत उतरून बर्फ होई आणि दाढी झटकली की हिम पडल्यासारखं खाली पडे. माझ्या माहितीत चाकांवरच्या घराच्या पाणीपुरवठ्याबद्दलची ही सगळ्यात जुनी तक्रार आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सराय शहरातून निघून दहा दिवसांनी तो सरायचुकला पोचला. पुढे ख्वारिज्मपर्यंत वाळवंट होतं, चारा आणि पाणी दोन्ही कमी. तिथे त्याने गाड्या ओढणारे थकलेले घोडे चार-चार दिनारांना, काही त्याहूनही स्वस्त, विकून टाकले आणि गाड्यांना भाड्याचे उंट जुंपले. ख्वारिज्मच्या पुढे बुखाऱ्याकडे वाळूचा रस्ता. तिथून तो उंटावरच्या कजाव्यात बसून गेला. चालता चालता वाचण्या-लिहिण्याची सोय असलेलं घर रस्ता बदलताच मागे राहिलं. गाडी वाईट नव्हती. ती गवताळ माळाची होती, वाळूची नव्हती.

एवढं वाचून मी त्याला पहिला प्रश्न पाठवला : ‘तुझं घर लंडनच्या कुठल्या भागात येतं आणि गाडी डिझेलची आहे का?’ त्याचं उत्तर आलं, ‘डिझेल. का?’ लंडनच्या कमी प्रदूषण क्षेत्राची हद्द ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या शहरभर वाढली आहे. ‘युरो ६’ दर्जाचं नसलेलं डिझेल वाहन त्या हद्दीत ज्या दिवशी चालवाल त्या दिवसाचे साडेबारा पौंड. २००२ ची डिझेल व्हॅन त्यात बसत नाही. म्हणजे स्कॉटलंड राहिलं दूर, मुलाला शाळेत सोडायला काढली तरी साडेबारा पौंड. हे त्याला माहीत होतं, पण फोटो बघताना विसरला होता. मीही विसरलो असतो.

इब्न बतूता ज्या देशाकडे निघाला होता तिथल्या पुढच्या बादशाहांनी हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. त्यांनी घर छोटं केलंच नाही. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत अकबराच्या छावणीचा हिशेब दिला आहे : एक मुक्काम हलवायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल. सोबत १००० फर्राश, ५०० बेलदार, १०० भिस्ती, ५० सुतार, तंबू शिवणारे आणि मशालजी, चामड्याचं काम करणारे ३०, झाडूवाले १५०. अशी छावणी एक नव्हे, दोन. आज बादशाह एकीत झोपला की दुसरी पुढच्या मुक्कामावर उभी राहते. या पुढे जाणाऱ्या छावणीला पेशखाना म्हणत. फ्रेंच वैद्य बर्नियेने औरंगजेबासोबत दिल्लीहून काश्मीरकडे जाताना हा प्रकार पाहिला आणि सविस्तर लिहिला.

पेशखान्याकडे आपण थाटमाट म्हणून बघतो. थाटमाट होताच. पण मला त्यात एक साधी घरगुती गोष्टही दिसते. बादशाहाला रोज संध्याकाळी बिछाना घालायचा नव्हता आणि रोज सकाळी उचलायचा नव्हता. तेवढ्यासाठी दुसरं घर आणि हजार फर्राश. प्रवासातलं घर म्हणजे रोजची मांडामांड आणि आवराआवर, आणि ती कुणीतरी करावीच लागते. अकबराच्या छावणीत ती करणाऱ्यांचा आकडा अबुल फजलने निदान लिहून तरी ठेवला.

एवढा लवाजमा असूनही जागा चुकली तर काय होतं, याचं उदाहरण आमच्या सोलापूर जिल्ह्यातलंच आहे. भीमेकाठी माचणूरजवळ औरंगजेबाचा तळ १६९५ ते १६९९ असा साडेचार वर्षं होता. ब्रह्मपुरीचं नाव बदलून त्याने इस्लामपुरी केलं ते तेव्हाच. त्यानंतर किल्ल्यांची मोहीम सुरू झाली. १७०० च्या ऑक्टोबरात तळ माण नदीच्या पात्रात, खवासपूरला पडला होता. माण ही वर्षातले बरेच महिने वाळूची नदी. वरच्या डोंगरात पाऊस झाला आणि मध्यरात्री लोंढा आला. आरडाओरडा ऐकून म्हाताऱ्या बादशाहाला वाटलं मराठे छावणीत घुसले. तो घाईने उठला, अडखळला आणि उजवा गुडघा निखळला. पुढे मरेपर्यंत तो लंगडत चालला. दरबाऱ्यांनी हा तैमूरलंगाचा वारसा म्हणून त्याचं कौतुक करून घेतलं, पण कारण सरळ होतं. सपाट, मोकळी, नदीकाठची जागा दिसली म्हणून तळ टाकला.

मी हे त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो हसला. ‘भाईजान, स्कॉटलंडमध्ये कुठेही मुक्काम करता येतो, तिथे कायदाच आहे.’ असं पुष्कळांना वाटतं. स्कॉटलंडचा २००३ चा जमीन सुधारणा कायदा चालणाऱ्याला, सायकलवाल्याला, पाठीवरचा तंबू ठोकणाऱ्याला मोकळीक देतो. मोटारीला नाही. गाडी घेऊन रात्र काढायची तर मालकाची परवानगी, नाहीतर पैसे देऊन कॅम्पसाइट. आणि जून-जुलैमध्ये चांगल्या जागा आधीच भरलेल्या असतात.

आता मधली दोन शतकं भराभर ओलांडतो. हौस म्हणून चाकांवरच्या घरात राहणाऱ्या पहिल्या इंग्रजी लेखकांत गॉर्डन स्टेबल्स हे नाव घेतलं जातं. आरमारातला निवृत्त डॉक्टर. १८८५ मध्ये त्याने ब्रिस्टलच्या कारखान्यात ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली आणि दोन घोडे जुंपून थेट स्कॉटलंडपर्यंत, इन्व्हर्नेसला गेला. सुबक लाकडी काम, पुस्तकांची कपाटं, आणि एकूण वजन जवळजवळ दोन टन! चढ आला की घोड्यांचे हाल. पुढे रस्ता मोकळा आहे का हे बघायला त्याचा नोकर तीनचाकी सायकलवरून जायचा. हाही एक लहानसा पेशखानाच.

खरं छोटं घर आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, जर्मनीत. फोक्सवॅगनने १९५० मध्ये आपली डबाव्हॅन बाजारात आणली. इंजिन २५ अश्वशक्तीचं. १९५१ मध्ये वीडेनब्रुकच्या वेस्टफालिया कंपनीने त्या व्हॅनमध्ये ठेवायची ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढली. कल्पना पोटापाण्याची होती : आठवडाभर व्हॅनमधून धंद्याचा माल न्यायचा, शनिवारी पेटी आत ठेवायची की ती घर होते, सोमवारी पेटी बाहेर. इंग्लंडमध्ये फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीने उचलायच्या छताची ‘डॉर्मोबिल’ काढली आणि हे नाव इतकं रुळलं की पुढे लोक कुठल्याही अशा गाडीला डॉर्मोबिल म्हणू लागले. आपण नाही का, कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणत? टेम्पो हीसुद्धा हॅम्बुर्गच्या एका कंपनीची खूण. ती १९५८ मध्ये ‘बजाज टेम्पो’च्या रूपाने आपल्याकडे आली आणि मराठीतला सामान्य शब्द होऊन बसली.

नोकरचाकर नसलेल्या माणसाचं चाकांवरचं घर हे. त्यात पेशखान्याची युक्ती उलटी केलेली आहे. दोन घरं बाळगायची ऐपत नाही, मग एकाच घराची दोन घरं करायची. दिवसा बाक, रात्री पलंग. दिवसा टेबल, रात्री तीच फळी बिछान्याखाली. हुशारी आहेच. पण हजार फर्राशांचं काम आता आतल्याच माणसांवर आलं, आणि एक गोष्ट उघडायची तर दुसरी मिटावी लागते.

याच काळात युरोपातल्या मुसलमानांच्या एका मोठ्या वर्गाचंही व्हॅनशी नातं जडलं, त्याची नोंद व्हायला हवी. १९६१ च्या करारानंतर तुर्की कामगार पश्चिम जर्मनीत गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते गावी निघायचे ते जुन्या फोर्ड ट्रान्झिटसारख्या व्हॅनमधून. ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया पार करून एदिर्नेपर्यंत. आत बायकामुलं, टपावर शिलाई यंत्रं, गालिचे, भेटवस्तू. रात्र रस्त्याकडेला, जेवण तिथेच. त्यांच्या गाड्यांना कुणी मोटारहोम म्हटलं नाही, कारण ते हौसेने निघाले नव्हते. तो ‘ई-५’ रस्ता अपघातांसाठी कुप्रसिद्ध झाला. झोप न घेता चालवणारे चालक, अरुंद रस्ता आणि क्षमतेबाहेर लादलेल्या गाड्या. त्याच रस्त्याने उलट्या हेतूने निघालेले युरोपीय तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूल करत गोव्याच्या हणजुणेपर्यंत आपल्या जुन्या व्हॅन आणत. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या, आणि तो मार्ग संपला. इब्न बतूताच्या वाळूसारखंच : गाडी होती, रस्ता राहिला नाही.

वजनाचा विषय निघालाच आहे तर आमच्या निळ्या व्हॅनकडे परत येतो. मी त्याला कागदपत्रांवरचे दोन आकडे पाठवायला सांगितले. कमाल परवानगी २६०० किलो. आतल्या लाकडी कपाटांसकट रिकामी गाडी २१५० किलो, असं मालक म्हणतो. काट्यावर कुणी घातलेली नाही. उरले ४५०. चार माणसांचे अडीचशे धरा. पाण्याची टाकी ४० लिटरची, म्हणजे ४० किलो. गॅसची टाकी, बाहेर लावायचा तंबू, अंथरूण-पांघरूण, भांडी, शिधा, आणि खाला येणार म्हणजे लोणचं, सुकी मासळी आणि तांदळाचं पीठ येणारच. कागदावर बसतं. पण लाकडी कपाटं हौशी मालकाने घरी बसवलेली आहेत आणि घरी केलेलं काम बहुधा जड असतं. काट्यावर घातल्याशिवाय पैसे देऊ नकोस, एवढं मी ठामपणे सांगितलं.

४० लिटर पाणी म्हणजे किती? रसूलल्लाह (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करत, असं सहीह हदीसमध्ये आहे; मुद्द म्हणजे अंदाजे पाऊण लिटरच्या आतबाहेर. चार माणसांच्या पाच वेळांचं एवढ्यात करायचं म्हटलं तरी पंधरा लिटर झाले. आणि आपण नळ सोडून वुजू करणारी माणसं, मुद्दात भागवणारं आमच्या घरात तरी कुणी नाही. स्वयंपाक, भांडी, पिणं धरलं की टाकी दीड दिवसाची. रोज भरावी लागेल आणि वापरलेल्या पाण्याची टाकी रोज ओतावी लागेल. बॅटरीचंही तसंच. शंभर अँपिअर-तासांची जुन्या पद्धतीची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नसते. फ्रिज आणि हीटर दोन्ही चालवले तर उभ्या गाडीत दीड-दोन दिवस.

जुनी गाडी बघताना काय बघायचं, हे त्याने तिथल्या जाणकारांना विचारून मला उलट सांगितलं. इंजिनापेक्षा आधी ओल. छत उचलतं त्या सांध्यात, खिडक्यांच्या रबरांत, बेसिनखालच्या फळीत बोट दाबून बघायचं. मऊ लागलं तर निघून यायचं. कापडी भिंतींना काळे ठिपके आहेत का. खालून गंज. गॅसचं कपाट बंदिस्त आहे का आणि त्याला खाली भोक आहे का. मागच्या बाकाला पट्टे नेमके किती आणि ते लोखंडाला पक्के आहेत की लाकडाला. पलंग चार आणि पट्टे दोन, अशाही गाड्या विकायला असतात. या गाडीला पट्टे चार आहेत. ही जमेची बाजू. छत मिटलं की उंची दोन मीटरच्या आत, म्हणजे बऱ्याच वाहनतळांच्या आडव्या दांड्याखालून जाते. ही दुसरी.

मग मी त्याला रात्रीचं चित्र विचारलं. खाली खाला आणि सून, वर माळ्यावर तो आणि मुलगा. ठीक. पण खालचा बिछाना पसरला की जमीन उरत नाही. शौचालय म्हणजे बाकाखालून ओढायची पेटी, त्याच खोलीत, मध्ये एक पडदा. स्कॉटलंडच्या जूनमध्ये फजर रात्री तीनच्या आधी. खाला उठणार. तिने मुसल्ला घालायचा कुठे? बाहेर गवत ओलं, आत तीन माणसं झोपलेली. सरकता दरवाजा उघडला की त्याच्या आवाजाने सगळे जागे. माझी खाला एकाहत्तर वर्षांची आहे आणि तिचाही उजवा गुडघा अधू आहे. तिला यासाठी माण नदीची गरज पडली नाही.

तो बराच वेळ गप्प होता. म्हणाला, ‘अब्बा गेल्यापासून ती घराबाहेर पडली नाहीये. हॉटेलात ती जात नाही. भांडी कुणाची, तेल कसलं, हेच चालतं तिचं. मला वाटलं स्वतःचं घर सोबत असेल तर ती येईल.’

हे त्याने आधी सांगितलं असतं तर मी एवढे आकडे काढत बसलो नसतो.

रविवारी आम्ही रत्नागिरीला व्हिडिओ कॉल लावला. तिघे एकदम. त्याने खालाला फोटो दाखवले. खालाने चष्मा लावला, शेगडी बघितली, बेसिन बघितलं, म्हणाली, ‘छान आहे रे, बाहुलीच्या घरासारखं.’ जमिनीपासून दारापर्यंत पाऊल किती उंच, हे तिने स्वतःच विचारलं. त्याने मोजून ठेवलं होतं : ४३ सेंटिमीटर. तिने पाट मागवला, पाटावर दुसरा पाट ठेवला, भिंतीला धरून चढली, उतरली. चढताना काही बोलली नाही, उतरताना ‘या अल्लाह’ म्हणाली.

मग खुर्चीत बसून तिने विचारलं, ‘आणि रोज रात्री हा पलंग मांडणार कोण?’

तो म्हणाला, ‘मी आहे ना.’

त्याच्या मागे स्वयंपाकघरात उभी असलेली त्याची बायको काहीच बोलली नाही. खालाने ते पाहिलं. म्हणाली, ‘तू नको सांगूस. तिला बोलू दे.’

व्हॅन अजून घेतलेली नाही. येत्या शनिवारी तो तशीच एक दोन दिवसांसाठी भाड्याने घेतोय, बायको-मुलाला घेऊन, एका कॅम्पसाइटवर. पलंग पहिल्या रात्री तो मांडणार, दुसऱ्या रात्री ती. खालाचा व्हिसाचा अर्ज झाला आहे. तिने बॅगेत ठेवायच्या वस्तूंची यादी पाठवलीय, तिच्यात पहिलाच शब्द ‘तांब्या’ आहे.